रंजित पटल आणि ‘लेसर’ ही संज्ञा

ऱ्होडामीन ६जी हे रंजकद्रव्य मिसळलेल्या पॉलिमिथिल मेथाक्रिलेटचे पातळ पटल क्वार्ट्झ-काचेवर पसरून त्यावर हिरव्या प्रकाशाचे तीव्र स्पंद सोडले, की प्रथम विस्तृत वर्णपटाचा पिवळा-नारिंगी प्रकाश दिसतो. स्पंदांची ऊर्जा वाढविल्यास एका मर्यादेपुढे तो वर्णपट एकाएकी अरुंद होतो. त्यास लेसर म्हणावयाचे काय? प्रबंधांतून तसे सर्रास लिहिले जाते. ते घाईचे आहे.

पटलाचा अपवर्तनांक सुमारे १.४९, त्या काचेचा १.४६, त्यामुळे प्रकाशाचा बराच अंश पटलातच कोंडला जातो. एका रेणूने उत्स्फूर्तपणे सोडलेला प्रकाश वाटेतील उत्तेजित रेणूंना उद्दीपित करीत एकाच खेपेत वाढतो. हे वर्धित उत्स्फूर्त उत्सर्जन होय. ‘लेसर’ या आद्याक्षरी शब्दाच्या व्युत्पत्तीतही उद्दीपित उत्सर्जनाने होणारे प्रकाशवर्धन एवढेच आहे, हे खरे. परंतु अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, रूढीने ठरतो (भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे सांगणे नलगे). आणि रूढीने त्यात प्रकाश पुनःपुन्हा परतविणारी योजना गृहीत आहे. कोगेलनिक व शँक यांनी १९७१ साली रंजित जिलेटिनच्या पटलात अपवर्तनांकाचे आवर्ती पट्टे निर्माण करून ती आरशांवाचून साधली. पट्ट्यांमधील अंतर बदलले, की उत्सर्जित प्रकाशाची तरंगलांबी बदलते. साध्या पटलात असा ताबा चालत नाही.