इंग्रजीचा तास रंगणार कसा? केळीची बाग, कबड्डी अन् मोबाईलही येईल कामाला!

अर्धापूर : मराठी माध्यमातली लेकरं पहिलीपासून इंग्रजी शिकतात. 2000 साली राज्याने हा निर्णय घेतला. त्याआधी पाचवीपासून इंग्रजी होतं. तरीही दहावीपर्यंत पोहोचलेल्या अनेक मुलांना इंग्रजीत स्वतःची चार वाक्यं सांग म्हटलं की घाम फुटतो. गाईडमधलं उत्तर मात्र पाठ असतं. म्हणजे डोकं कमी नाही, बोलण्याची सवय नाही. ही सवय वर्गात कशी लावता येईल आणि त्यात घरच्यांचं काम काय, ते समजून घेऊ.

अडतं कुठं?

पहिली अडचण वाक्याच्या रचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं : ‘मी शाळेत जातो.’ इंग्रजीत ते मधे येतं : ‘आय गो टू स्कूल.’ मूल मराठीत विचार करून शब्दाला शब्द जोडतं आणि ‘आय स्कूल गो’ म्हणतं. वर्ग हसतो. ते पोरगं पुन्हा वर्षभर तोंड उघडत नाही.

दुसरी अडचण वेळेची. 35 मिनिटांच्या तासात 60 मुलांना एकेक करून उभं केलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिनिट येतो. त्यामुळे सर वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, मुलं उतरवून घेतात. यात मुलांचं बोलणं राहूनच जातं.

जोड्या लावा, सगळी बोलतील

यावर सोपा उपाय म्हणजे बाकावरच्या दोघांची जोडी. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. 60 मुलांच्या 30 जोड्या एकाच वेळी बोलल्या, तर पाच मिनिटांत सगळ्या वर्गाची जीभ वळते. गोंगाट होतो, पण तो कामाचा गोंगाट असतो. मूल बोलत असताना मधेच चूक काढू नये. शिक्षकांनी चुका टिपून ठेवाव्यात आणि शेवटी त्यातल्या दोन-तीन फळ्यावर, कुणाचं नाव न घेता समजवाव्यात.

वाक्यरचनेसाठी चिठ्ठ्यांचा खेळ चांगला. ‘आय’, ‘गो’, ‘टू’, ‘स्कूल’ अशा चार चिठ्ठ्या चार मुलांच्या हातात द्यायच्या आणि बरोबर क्रमाने उभं राहायला सांगायचं. ‘गो’वाला शेवटी जाऊन उभा राहिला, की वर्गच त्याला ओढून मधे आणतो. तो नियम मग सहसा विसरत नाही.

आपल्या शिवारातलं इंग्रजी

अर्धापूर तालुका केळीचा. इथल्या मुलाला घड कसा उतरवतात, गाडी कशी भरतात हे सांगावं लागत नाही. नववी-दहावीतला ‘पॅसिव्ह व्हॉइस’ मुलांना जड जातो. तो इथूनच शिकवता येतो. ‘द बंचेस आर कट. दे आर वॉश्ड. दे आर लोडेड इन अ ट्रक.’ काम कोणी केलं यापेक्षा काय केलं गेलं हे सांगायचं असतं, तेव्हा ही रचना वापरतात. एवढं कळलं की व्याकरण सोपं होतं. हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं यावरही अशीच वाक्यं होतात.

असेच आणखी काही प्रयोग :

- कबड्डीची कॉमेंट्री : दोघे खेळतात, तिसरा सांगतो – ‘ही इज रनिंग, ही इज टचिंग द लाइन.’ चालू वर्तमानकाळाचा सराव खेळता खेळता होतो.
- वाट दाखवा : नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात देश-विदेशातून भाविक येतात. एकाने भाविक व्हायचं, दुसऱ्याने स्टेशनपासूनची वाट सांगायची : ‘गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट.’
- डब्यावरचं वाचन : घरातल्या रिकाम्या पाकिटावरच्या सूचना वहीत उतरवून आणायच्या. ‘एक्सपायरी डेट’, ‘शेक वेल बिफोर यूज’ याचा अर्थ लेकराला कळला, तर घरालाही उपयोग होतो. फवारणीच्या औषधाचे डबे मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत.

मराठवाड्यातलंच उदाहरण

खेड्यातली मुलं परकी भाषा शिकू शकतात का, अशी शंका असेल तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं गाडीवाट पाहावं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेची मुलं जपानी बोलतात, ही बातमी 2020 मध्ये देशभर गाजली. शाळेने मुलांनाच भाषा निवडायला सांगितली होती. रोबोट आणि तंत्रज्ञानाची आवड म्हणून बहुतेकांनी जपानी निवडली. आवडीची गोष्ट हाती आली की भाषा मागोमाग येते, हे तिथं दिसलं.

दुसरं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि मोबाईलवरून मुलांना परदेशातल्या वर्गांशी बोलतं केलं. 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला. आज बालभारतीच्या पुस्तकांवरही क्यूआर कोड असतो. ‘दीक्षा’ अॅपने तो स्कॅन करून धड्याशी संबंधित साहित्य पाहता येतं.

इंग्रजी न येणाऱ्या आई-बापांनी काय करावं?

इंग्रजी येत नाही म्हणून हात टेकायची गरज नाही. रोज जेवणानंतर पाच मिनिटं लेकराला म्हणावं, ‘आज काय केलं ते पाच वाक्यांत इंग्रजीत सांग.’ नाही कळलं तरी ऐकावं. नंतर तेच मराठीत विचारावं. अडखळलं तर हसू नये, शेजारच्या पोराशी तुलना करू नये. मोबाईलमध्ये त्याचाच आवाज रेकॉर्ड करून त्याला ऐकवावा. आपली चूक त्याची त्यालाच सापडते.

पालक सभेत एक प्रश्न नक्की विचारावा : ‘आमचं लेकरू वर्गात इंग्रजी बोलतं का?’ मराठी माध्यमाच्या दहावीत इंग्रजीची लेखी परीक्षा 80 गुणांची असते आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. त्यात ऐकणं-बोलणं येतं. वर्षभर खरोखर सराव झाला तर हे गुण हक्काचे ठरतात. दहावीनंतर आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा नर्सिंगला गेलेल्या मुला-मुलींपुढे बरीचशी पुस्तकं इंग्रजीतच येतात. इंग्रजीच्या धास्तीने कुणाचं, विशेषतः मुलींचं, शिक्षण दहावीवर थांबू नये, यासाठी आठवीपासूनच रोजचा हा सराव सुरू झालेला बरा.