पाणलोट आणि गावकुसाबाहेरचा वाटा

पाणलोट विकासाचा विषय निघाला, की नगर जिल्ह्याचे (सरकारदरबारी आता अहिल्यानगर) नाव देशभर घेतले जाते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी १९७५ नंतर, नगर तालुक्यातील हिवरे बाजार १९८९-९० नंतर, संगमनेर तालुक्यातील दरेवाडी १९९६ नंतर पुढे आली. पर्जन्यछायेतील या गावांनी जे साधले ते खोटे नाही. हिवरे बाजारातून पोटासाठी बाहेर गेलेली माणसे परत आली, ही लहानसहान गोष्ट नव्हे. मात्र 'गाव समर्थ झाले' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या गावात कोण कोण धरलेले असते, हा प्रश्न आमच्या कार्यकर्त्यांनीही फारसा विचारलेला नाही.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी होते. उघड्या डोंगरावरून ते माती घेऊन वाहून जाते. माथ्यावर समतल चर, उतारावर गवत व झाडे, ओघळीत दगडी बांध, नाल्यावर मातीचा बांध, अशा क्रमाने ते अडवले की जमिनीत मुरते आणि पायथ्याच्या विहिरींना उतरते. चर टिकायचे तर गवत हवे. गवत हवे तर गुरे-शेळ्या वर जाता कामा नयेत. म्हणून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे.

पण वर डोंगर आणि गायरान सामाईक असते, खाली विहीर खाजगी असते. १८८२ च्या ईझमेंट्स कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचेच मानले गेले. डोंगरावर शेळ्या चारणारा, सरपणाची मोळी आणणारी बाई, ही बहुधा भूमिहीन. शेळी म्हणजे त्यांची अडीअडचणीला विकता येणारी एकमेव मालमत्ता. बंदी आली की ती विकावी लागते. चार वर्षांनी पाणी वाढते ते दुसऱ्याच्या मोटारीला. जॉन केर या अभ्यासकाने महाराष्ट्र व आंध्रातील गावांची पाहणी करून २००२ साली नेमके हेच मांडले: जेथे संवर्धन उत्तम झाले, तेथे त्याची झळ बऱ्याचदा सर्वात गरिबांना अधिक लागली.

श्रमदानाचेही असेच. बागायतदाराचा एक दिवस ही त्याच्या विहिरीतली गुंतवणूक असते. मजुराचा एक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. ज्या समाजाने वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली, आणि ते वतन १९५८ च्या कायद्याने कुठे सुटले, त्याला 'दान' या शब्दाचा संशय वाटला तर नवल नाही. राळेगणात दलित कुटुंबांचे कर्ज गावाने त्यांच्या शेतात राबून फेडले, हे सांगितले जाते आणि त्याचे मोल आहेच. तरी कृपा आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक गुंता गायरानाचा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची, अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. अनेकांच्या नावावर सातबारा अजून चढलेला नाही. अशा जमिनीवर वनीकरणाचा नकाशा पडला, की कसणारा 'अडथळा' ठरतो. समुद्रकाठीही हेच. १९८७ साली मालवणचा समुद्र, त्यातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरासह, सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा मच्छीमार विरोधात उभे राहिले. जाळे ज्यांचे, त्यांना विचारलेच नव्हते.

दुसरी वाट नव्हती असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणीपंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येने, माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला अडीच एकरांपेक्षा अधिक नाही, ऊस नाही, आणि वाटा भूमिहीनालाही. तिच्या योजना सर्वत्र पसरल्या नाहीत, कित्येक बंदही पडल्या. तरी पाणी आणि जमीन यांची गाठ सोडवता येते, हे तिने करून दाखवले. हिवरे बाजारानेही शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या, ऊस नाकारला, गुरे न सोडता गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. पाण्याचा ताळेबंद तेथे ग्रामसभेपुढे मांडला जातो.

तेव्हा पाणलोट समिती बसते त्या दिवशी, पहिला चर खणण्याआधी, वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी इतिवृत्ताची वही मागून घ्यावी. वस्तीचे किती सभासद, त्यात बाया किती, ते मोजावे. बंदीच्या वर्षांत शेळ्यांना चारा कोठून येणार, गवत कापण्याचा पहिला हक्क कोणाचा, मजुरीतून श्रमदानापोटी किती कापणार, पाझर तलावातली मासळी कोण धरणार, हे सारे ठरावात शब्दशः उतरवून घ्यावे आणि सही त्यानंतरच करावी. अंगठा तर मुळीच देऊ नये.