शिरेवाटे दिले जाणारे पोषण आणि प्रकाश

अपुऱ्या दिवसांनी जन्मलेल्या अर्भकास दूध ओढून गिळण्याची शक्ती नसते आणि त्याचे आतडेही पचनास सिद्ध झालेले नसते. त्यास प्रारंभीचे काही दिवस, कित्येकदा काही आठवडे, शिरेवाटेच अन्न द्यावे लागते. ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध द्रव्य, क्षार आणि जीवनसत्त्वे यांचे मिश्रण बारीक नळीतून थेंबाथेंबाने रक्तात सोडले जाते. केवळ अशा अन्नावर अर्भकाची वाढ होऊ शकते, हे १९६८ साली फिलाडेल्फिया येथील विल्मोर व डड्रिक यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तावरून निःसंशय ठरले. या पोषणाने त्यानंतर असंख्य बालके वाचली. मात्र ते ज्या नळीतून जाते ती पारदर्शक असते, आणि सर्व गुंतागुंत येथूनच सुरू होते.

मिश्रणातील रायबोफ्लेविन, म्हणजेच ब-२ जीवनसत्त्व, पिवळ्या रंगाचे असून निळा प्रकाश शोषून घेते. प्रकाशाने उत्तेजित झालेला त्याचा रेणू जवळच्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि द्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनला देतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. रायबोफ्लेविन मात्र पुनः पूर्वस्थितीस येऊन तेच कार्य करीत राहते. हे इलेक्ट्रॉन पुरविण्याचे काम बहुतांशी करते ते क जीवनसत्त्व! ज्याची ख्याती ऑक्सिडीकरणास आळा घालणारे द्रव्य म्हणून आहे, तेच येथे ऑक्सिडीकारक पदार्थाच्या उत्पत्तीस हातभार लावते. हा विरोधाभास मॉन्ट्रिऑल येथील लाबोरी, लाव्हुआ व शेसेक्स यांनी १९९८ साली उघडकीस आणला. स्निग्ध द्रव्यातील असंपृक्त स्निग्धाम्लांचेही प्रकाशामुळे पेरॉक्साइडीकरण होते, आणि अ जीवनसत्त्वाचा मोठा अंश उजेडात नाश पावतो, ही हानी निराळीच.

प्रौढ मनुष्याच्या पेशींत पेरॉक्साइडाचा निरास करणारी वितंचके व ग्लुटाथायोन पुरेसे असतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाजवळ या द्रव्यांचा साठा तुटपुंजा असतो, आणि देहभाराच्या मानाने त्याला मिळणारे पोषणद्रव पुष्कळ असते. त्यात आणखी एक योग असा की, अशा अर्भकांना वारंवार कावीळ होते व तिच्यासाठी त्यांना निळ्या दिव्याखाली ठेवतात. हा उपचार इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयातून १९५८ साली पुढे आला. बिलिरुबिन जो निळा प्रकाश शोषते, जवळजवळ तोच रायबोफ्लेविनही शोषते. अर्थात बालकासाठी उपकारक असा प्रकाश त्याच्या अन्नास अपायकारक ठरतो.

या अपायाचे मोजमाप करणे सोपे नव्हते. २०१७ साली ४ चाचण्यांतील सुमारे ८०० अर्भकांची माहिती एकत्र करून पाहिली असता, ज्यांचे पोषणद्रव प्रकाशापासून झाकलेले होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे निम्मे आढळले. एवढ्या थोड्या चाचण्यांवरून अखेरचा निर्णय देणे धाडसाचे होईल. परंतु उपाय स्वस्त असता अधिक पुराव्याची वाट पाहत बसणेही समर्थनीय नव्हे. युरोपातील औषधनियंत्रक संस्थेने २०१९ साली २ वर्षांखालील बालकांसाठी असे संरक्षण आवश्यक ठरविले.

उपाय दिसावयास सोपा, पण अर्धवट केल्यास फारसा उपयोगी नाही. केवळ पिशवी झाकून नळी उघडी ठेवली, तर द्रव हळूहळू वाहत असल्याने नळीतच त्यावर बराच वेळ प्रकाश पडतो. म्हणून मिश्रण तयार करण्यापासून अखेरचा थेंब शिरेत जाईपर्यंत पिशवी, पिचकारी आणि नळी ही सर्व झाकलेली असावी लागतात. नळ्या पिवळसर तपकिरी रंगाच्या वापरतात. जीवनसत्त्वे स्निग्ध द्रव्यात मिसळली असता पेरॉक्साइडे कमी निर्माण होतात, हेही आढळले आहे. अपारदर्शक वेष्टनाची अडचण एवढीच की, आत कॅल्शियम व फॉस्फेट यांचा साका बसला किंवा हवेचा बुडबुडा शिरला, तर परिचारिकेस तो दिसत नाही. रंगीत नळीतून असा दोष काही अंशी तरी ओळखू येतो; पिशवीचे आवरण मात्र तपासणीपुरते क्षणभर उचलावे लागते.