सायटिका आणि वय : समज व वस्तुस्थिती

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून येणाऱ्या वृद्ध रुग्णांचे नातेवाईक आम्हांस पुष्कळदा सांगतात, "आता वय झालं, चालायचंच." या समजुतीपायी दुखणे अंगावर काढले जाते व उपचारास विलंब होतो. म्हणून या अहवालात सायटिकाविषयी थोडे विवेचन करीत आहोत.

कंबरेच्या खालच्या मणक्यांतून निघणाऱ्या मज्जामुळांपासून सायटिक नस तयार होते. शरीरातील ही सर्वांत जाड नस नितंबातून मांडीच्या मागील बाजूने खाली उतरते. तिच्या मुळांवर दाब आला की कंबरेपासून पोटरी-तळव्यापर्यंत कळ जाते व मुंग्या येतात. आयुर्वेदात या विकारास 'गृध्रसी' म्हटले आहे.

हा विकार विशीच्या आत क्वचित आढळतो. तीस ते पन्नास या वयात त्याचे मुख्य कारण म्हणजे मणक्यांमधील गादी सरकणे. या गादीचे बाहेरचे कडे चिवट, तर आतील गर मऊ असतो. या वयात कडे झिजू लागलेले असते, परंतु गर अद्याप ओलसर असतो. वाकून केलेली सोयाबीनची कापणी, उसाच्या मोळ्या उचलणे किंवा खडबडीत रस्त्यावर तासन् तास वाहन चालविणे यांचा ताण पडून तो गर बाहेर येतो व नस दाबतो. अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली हा कार्यकारणभाव स्पष्टपणे मांडला.

साठीनंतर गर सुकत असल्याने गादी सरकण्याचे प्रमाण कमी होते. मात्र हाडांची वाढ व अस्थिबंधांची जाडी यांमुळे मज्जारज्जूची नलिका अरुंद होते. अशा रुग्णाचे पाय थोडे चालताच भरून येतात. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. या वयात ठिसूळ हाडांचा अस्थिभंग, मणक्याचा क्षयरोग व कर्करोग यांचीही शंका घ्यावी लागते. तात्पर्य, वयानुसार कारण बदलते. केवळ 'वय' हे निदान नव्हे.

गादी सरकल्याने होणारी बहुतेकांची वेदना औषधे, हालचाल व योग्य व्यायाम यांनी सहा ते बारा आठवड्यांत कमी होते. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याने लाभ होत नाही. तंबाखू सोडणे व वजन आटोक्यात ठेवणे हितावह आहे.

मात्र लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, लघवी अडणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता येणे, अथवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. येथे काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो.

घरातील वडीलधाऱ्यांचे दुखणे वयाच्या खाती जमा करू नये, एवढीच आमची सर्व कुटुंबीयांस नम्र विनंती आहे.