रिकामी ठेवलेली खाट

२८ फेब्रुवारी १९९१ ची रात्र. मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी म्हणून जनगणनेची जबाबदारी माझ्याकडे होती. बेघरांची गणना एकाच रात्रीत उरकावी लागते, कारण सकाळ झाली की ही माणसे कुठे असतील याचा नेम नसतो. रेल्वे स्थानक, देवळांच्या पायऱ्या, पुलाखालच्या जागा असे फिरून प्रगणकांनी पहाटेपर्यंत नोंदी पूर्ण केल्या. त्यांनी नावे लिहिली. मी बेरीज पाहिली आणि सही केली.

२०११ च्या जनगणनेत देशात १७.७३ लाख बेघर नोंदले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक शहरांत होते. या लाखोंपैकी एका माणसाशी माझी ओळख व्हायला मात्र मला निवृत्त व्हावे लागले.

दिल्लीत काश्मिरी गेट ते निगमबोध घाट या पट्ट्यात यमुनेच्या कडेने बेघर आणि व्यसनग्रस्त माणसांची मोठी वस्ती असते. त्या भागात एका छोट्या ख्रिस्ती मिशनचे अठरा खाटांचे केंद्र आहे. तेथील हिशेब मार्गी लावून द्यावेत म्हणून एका जुन्या सहकाऱ्याने मला तिकडे नेले. श्रद्धेचा प्रश्न नव्हता. धर्म म्हणजे जमीन, सत्ता आणि संघटना यांचा इतिहास, अशी माझी अभ्यासातून आलेली समजूत होती आणि नोकरीने ती पक्कीच केली होती.

एका सकाळी मलमपट्टी करणारा परिचारक आला नाही आणि चिमटा माझ्या हाती आला. शिरेतून नशा करणाऱ्यांच्या जखमा मी तोवर फक्त अहवालांत वाचल्या होत्या. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीने देशात सुमारे साडेआठ लाख माणसे अशी नशा करतात असा अंदाज दिला आहे. त्यांतील एकाचा पाय माझ्या मांडीवर होता. पोटरीवरची जखम इतकी खोल होती की कापसाचा बोळा आत शिरत होता. तो चाळिशीतला, एकेकाळी वाहनदुरुस्ती करणारा माणूस. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही; ते त्याचे आहे.

तो केंद्रातून पाच वेळा पळाला होता आणि पाचही वेळा परतला होता. नोंदवही तपासताना माझ्यातील प्रशासक जागा झाला. जो तीनदा सोडून गेला त्याला पुन्हा खाट देऊ नये, असा लेखी प्रस्ताव मी मांडला. खाटा अठरा, गरजू शेकडो. तर्क निर्दोष होता. केंद्राच्या प्रमुख सिस्टरांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारले, ‘‘साहेब, तो सहाव्यांदा आला तर दार उघडायला जाणार कोण? तुम्ही जाणार असाल तर हा नियम करू.’’ तो आठवडाभराने आला. दार मीच उघडले. प्रस्तावाचा कागद खिशातच राहिला.

त्याच रात्री ताप चढलेला असताना त्याने मला विचारले, ‘‘माझ्यासाठी दुआ कराल?’’ तो ख्रिस्ती नव्हता, मी कोणत्याच देवाचा नव्हतो. नाही म्हणणे शक्य नव्हते आणि शब्द एकही सापडत नव्हता. अखेरीस मी त्याचे नाव मनातल्या मनात उच्चारले आणि ‘याला सांभाळा’ एवढेच म्हटले. कोणाला म्हटले, हे मला तेव्हा सांगता आले नसते. आज मी त्याला देव म्हणतो. एखादा युक्तिवाद पटला म्हणून हे घडले नाही. अधिकाराच्या सगळ्या वर्षांत मी मागणाऱ्यांचे अर्ज घेतले होते. त्या रात्री मी स्वतः मागणारा झालो आणि माझे मागणे ऐकले जात आहे असे मला वाटले. तेव्हापासून मी केंद्रातल्या सायंप्रार्थनेला शेवटच्या बाकावर बसतो. बाप्तिस्मा घेतलेला नाही. घेईन की नाही हे ठाऊक नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे फ्रेडरिक टकर आठवतो. मुंगेरला जन्मलेला हा इंग्रज इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होता. पूर्व लंडनमधील दारुड्यांत आणि निराश्रितांत काम करणाऱ्या साल्व्हेशन आर्मीने तो भारावला. १८८१ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि १८८२ च्या सप्टेंबरात तो मुंबईत उतरला. पुढे तो भारतीय वेशात, अनवाणी, फकीर सिंग या नावाने फिरू लागला. मुंबईत मिरवणुका काढल्याबद्दल सरकारने या मंडळींना अटकही केली. पण १९०८ पासून त्याच संघटनेने त्याच सरकारसाठी तथाकथित ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहती चालवल्या. ज्या वसाहतीतून मोकळेपणी बाहेर पडता येत नाही, तेथील सेवा आणि तुरुंग यांतील अंतर फार थोडे उरते. म्हणून कोणत्याही सेवाकेंद्रात गेलो की मी आधी दाराची कडी पाहतो. आमच्या केंद्राची कडी आतून उघडते. जेवण आधी आणि प्रार्थना नंतर, असा येथील नियम आहे. ज्याला जायचे तो जेवून जाऊ शकतो.

मध्य प्रदेशच्या १९६८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार धर्मांतराची सूचना जिल्हाधिकाऱ्याकडे येत असे. मीही त्या घेतल्या आहेत. बळजबरी, प्रलोभन किंवा फसवणूक झाली का, एवढेच कायदा विचारी. रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हा कायदा वैध ठरवला. भुकेल्याच्या असहायतेचा गैरफायदा घेतला जाऊ नये ही काळजी रास्तच आहे. परंतु सेवा करणारा श्रद्धा देतो आणि सेवा घेणारा ती घेतो, हे त्या कायद्याचे गृहीतक मला आता अपुरे वाटते. माझ्या बाबतीत देणारा तो होता. त्याच्यापाशी प्रलोभन म्हणून दाखवण्यासारखे काहीही नव्हते.

श्रद्धेने जखम भरत नाही, हेही नमूद केले पाहिजे. ताप प्रतिजैविकांनी उतरला. आता मिशनचा एक स्वयंसेवक त्याला रोज सकाळी सरकारी केंद्रात नेतो. तेथे जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. ओढ आवरते ती त्या गोळीमुळे. नुसत्या प्रार्थनेवर व्यसन सोडवू म्हणणाऱ्यांपासून रुग्णाला सावध केले पाहिजे.

धोरणातील खरी फट निराळीच आहे. शहरी बेघरांचे निवारे गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आणि ही गोळी आरोग्य मंत्रालयाकडे. निवाऱ्यात नशा केलेल्याला घेत नाहीत आणि व्यसनमुक्ती केंद्र घरचा पत्ता विचारते, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले. या तिघांच्या मध्ये पडलेल्या माणसाला उचलणाऱ्या संस्था, मग त्या गुरुद्वाराच्या असोत, दर्ग्याच्या असोत वा चर्चच्या, राज्यसंस्थेने तपासाव्यात जरूर. पण तपासणीत दाराची कडी, औषध आणि डॉक्टर पाहावेत. शिवाय निवारा, उपचार आणि औषध एकाच छपराखाली आणण्याचे काम सरकारचे आहे. ते मिशनवर सोडून देता येणार नाही.

हा मजकूर लिहीत असताना तो पुन्हा बाहेर आहे. गोळी घ्यायला गेला तो आज नववा दिवस. त्याची खाट रिकामी ठेवलेली आहे. एकेकाळी मी तिच्यापुढे ‘वापराविना’ असा शेरा मारला असता. आज संध्याकाळी चादर मी बदलली.