बीडहून बंगळुरूला, बीएस्सीच्या वाटेने

अंबाजोगाईच्या एका अभ्यासिकेत बीएस्सी तृतीय वर्षाच्या मुलीने माझ्यापुढे वही सरकवली. हार्डी-वाइनबर्गचा नियम सुवाच्य अक्षरात, चौकटीसह लिहिलेला होता. "सर, हे आमच्याकडे चार मार्कांना येतं. पण या जुन्या पेपरात गणितच घातलंय." प्रश्न असा होता: एखादा अप्रभावी जनुकाचा आजार १०,००० माणसांत एकाला होतो, तर वाहक किती असतील? आम्ही दोघांनी कागद घेतला. आजाऱ्यांचं प्रमाण ०.०००१, त्याचं वर्गमूळ ०.०१. हे झालं सदोष जनुकाचं प्रमाण. निर्दोष जनुकाचं उरलं ०.९९. दोन्हींच्या गुणाकाराची दुप्पट ०.०१९८, म्हणजे १०,००० माणसांत १९८ वाहक. तिने आकडा पुन्हा करून पाहिला. "आजारी एक आणि वाहक जवळजवळ दोनशे? म्हणजे पन्नासामागे एक?" नियम तिला तोंडपाठ होता, पण त्यातून काय दिसतं हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी, म्हणजे मुलांच्या भाषेत सीबीझेड घेऊन बसलेल्या अनेकांची सुरुवात सारखी असते. बारावीनंतर नीट, मग लातूरला एक वर्ष रिपीट, मग 'लागलं नाही म्हणून बीएस्सी'. या 'म्हणून' शब्दाने फार नुकसान केलं आहे. डॉक्टर होता आलं नाही म्हणजे जीवशास्त्रच संपलं, असं मूल आणि घर दोघंही धरून चालतात. ज्या वर्षांत पुढची तयारी व्हायला हवी, ती वर्षं हळहळीत जातात.

थोडी शोधाशोध केलेली मुलं विचारतात, "दुसऱ्या वर्षानंतर पुण्याच्या मोठ्या संस्थेत ट्रान्सफर मिळते का?" अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून त्यांनी हे ऐकलेलं असतं. कॅलिफोर्नियात ही सोय खरोखर आहे. तिथे १९६० च्या शैक्षणिक आराखड्याने कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षं करून राज्य विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याचा मार्ग आखून दिला. कॉलेजातला कोणता विषय विद्यापीठात कोणत्या विषयाऐवजी धरायचा, याचे करार आधीच झालेले असतात.

आपल्याकडे अशी आखणी अजून झालेली नाही. २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू झाली, २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं, आणि मिळवलेले श्रेयांक खात्यात सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. पण दुसऱ्या संस्थेत जायचं तर तिथे जागा रिकामी हवी, अभ्यासक्रम जुळायला हवा आणि त्या संस्थेने होकार द्यायला हवा. खात्यात श्रेयांक आहेत एवढ्यावर कोणी वर्गात घेत नाही. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेतला पदवीचा प्रवेश तर बारावीनंतरच्या परीक्षेवर होतो. मधल्याच वर्षी टीसी आणि मायग्रेशनच्या मागे धावण्यात मी मुलांचं पूर्ण सत्र वाया गेलेलं पाहिलं आहे.

खरं दार तिसऱ्या वर्षानंतर उघडतं, आणि ते चांगलं रुंद आहे. जॅम, म्हणजे आयआयटींची एमएस्सी प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत होते. तिचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर देऊन मुंबई आयआयटीत एमएस्सी करता येते, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या एकात्मिक पीएचडीसाठीही तो गुण धरला जातो. गॅट-बी ही परीक्षा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी असते. तिथल्या एमएस्सी बायोटेकला विद्यार्थ्याला महिन्याला ५,००० रुपये विद्यावेतन मिळतं. हैदराबादसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्वतःची परीक्षा आहे, तिच्यातून बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रापर्यंत जाता येतं. अंतिम वर्षाला असतानाच या परीक्षा देता येतात. पेपर सोडवताना तुमचं कॉलेज बीडचं बलभीम आहे की मुंबईचं, हे कोणी विचारत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मग मुलं अडतात कुठे? गणितावर. नीटसाठी बायोलॉजी धरली तेव्हा गणित सुटलं, आणि बीएस्सीला त्याची गरज पडली नाही. गॅट-बीच्या पहिल्या भागात मात्र ६० सक्तीचे प्रश्न बारावीच्या भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्रावर असतात. जॅमच्या बायोटेक पेपरातही गणित आणि भौतिकशास्त्र येतं. शिवाय पेपर इंग्रजीत. काही संस्थांत प्रवेशासाठी बारावीला गणित असण्याची अटही असते, ती फॉर्म भरण्याआधी वाचलीच पाहिजे. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं काढा. लॉगॅरिदम, आलेख, संभाव्यता, साधं कलन एवढं रोज अर्धा तास केलं, तरी अडीच वर्षांत भीती मोडते. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत क्लास लावून ती मोडत नाही.

जॅमची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ६० प्रश्नांपैकी पहिल्या ३० ना चुकीच्या उत्तराचे गुण कापतात, उरलेल्या ३० ना कापत नाहीत. नीटची सवय असलेली मुलं तिथेही कोरी जागा सोडून येतात.

इकडे कॉलेजात जे मिळतं ते हलकं समजू नका. जर्नल सर्टिफाय करून घेण्यापुरतं प्रॅक्टिकल झालं, तर त्याचा उपयोग नाही. पण सीताफळाची फुलं परागित कशी होतात, कापसाच्या बोंडात गुलाबी बोंडअळी कुठून शिरते, नायगावच्या अभयारण्यातले मोर कोणत्या महिन्यात कुठे दिसतात, याच्या नोंदी बालाघाटाच्या कुशीत राहणाऱ्या मुलाने ठेवायच्या नाहीत तर कोणी? आपल्याच विद्यापीठातल्या डॉ. व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींवर दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली दिला. तो हातात घेऊन शिवार हिंडलेलं मूल मुलाखतीत गप्प बसत नाही. जोडीला विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे. तीत दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. तिचे अर्ज हिवाळ्याच्या तोंडावरच मागवतात, आणि आमच्याकडे बहुतेकांना तिचं नाव उन्हाळ्यात कळतं.

आता कागदपत्रं. इथे आपली मुलं सर्वांत जास्त हरतात. राज्याच्या नमुन्यातलं जातीचं प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत चालत नाही, तिथे केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. केंद्राच्या यादीत एनटी, व्हीजे असे रकाने नाहीत. त्यातल्या अनेक जाती तिथे ओबीसीत मोडतात, म्हणून आपल्या जातीचं नाव केंद्रीय यादीत कसं लिहिलं आहे ते अक्षर न् अक्षर पाहावं. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. पात्र असल्यास तिथे ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढावं लागतं. नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस चालू आर्थिक वर्षाचं लागतं, मागच्या वर्षीचं काढून ठेवलेलं नव्हे.

जॅमचे फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात. आमच्याकडे हाच काळ मुकादमाची उचल घेऊन आई-वडील ऊसतोडीसाठी साखर कारखान्याकडे निघण्याचा. दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं उरतात. वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, सही, रेशन कार्ड यातलं काही राहिलं, तर ते सांगली-कोल्हापूरच्या फडात अडकतं. त्या मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी हेच लिहून दिलं: पोळ्याच्या आत तहसीलमध्ये अर्ज. तिने खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली, "आई-दादा जायच्या आधी सगळ्या सह्या."