सामाईक नांवें कोठें ठेवावींत?

संगणकास आज्ञा देण्यासाठीं ज्या कृत्रिम भाषा निर्माण झाल्या, त्यांत ‘पायथॉन’ ही आज अत्यंत लोकप्रिय आहे. गिडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थांनीं १९८९ च्या डिसेंबरांत ॲम्स्टरडॅम येथें तिची रचना आरंभिली व १९९१ सालीं ती प्रसिद्ध केली. ह्या भाषेंत हिशेब मुकाट्यानें चुकविणारा एक फसवा प्रसंग वारंवार येतो. त्याचा आज विचार करूं.

पायथॉनमधील मोठा प्रोग्रॅम अनेक फायलींत विभागलेला असतो. अशा प्रत्येक फायलीस ‘मॉड्यूल’ म्हणतात, आणि प्रत्येक मॉड्यूलची नांवांची वही स्वतंत्र असते. ‘ग्लोबल’ म्हणविणारें नांवसुद्धां त्या एका मॉड्यूलपुरतेंच ग्लोबल असतें. मग एकानें काम चालूं असतां निर्माण केलेलें नांव दुसऱ्यास दिसावें कसें?

समजा, एका पतपेढीच्या प्रोग्रॅममध्यें ‘कॉन्फिग’ नांवाचें मॉड्यूल आहे. तें व्याजाचा दर प्रथम शेंकडा ७ धरतें व पुढें फाइल वाचून तो ८ करतें. ‘खातें’ ह्या दुसऱ्या मॉड्यूलनें आरंभींच ‘फ्रॉम कॉन्फिग इम्पोर्ट दर’ असें लिहिलें असेल, तर त्याच्या वहींत ७ चा आंकडा उतरतो आणि तोच राहतो. १०,००० रुपयांच्या ठेवीवर वर्षाचें व्याज ८०० ऐवजीं ७०० रुपये निघतें, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाहीं. ‘दर’ हें नांव तोंपर्यंत जन्मासच आलें नसेल, तर यंत्र तेथल्या तेथें थांबतें. तें एका परीनें बरेंच म्हणावयाचें.

बाजारांतील भावांचा फळा सकाळीं उतरून घेऊन दिवसभर त्यावर व्यवहार करणाऱ्या कारकुनासारखीच ही गोष्ट आहे. उपाय उघड आहे: सौदा करतांना फळ्याकडे पाहावें. केवळ ‘इम्पोर्ट कॉन्फिग’ लिहून, गरज पडेल तेव्हां ‘कॉन्फिग डॉट दर’ असें विचारावें. एकदां आणलेलें मॉड्यूल पायथॉन जपून ठेवतो व पुढें मागणाऱ्या प्रत्येकास तेंच देतो. म्हणून सर्वांचा फळा एकच असतो.

परंतु फाइल वाचल्यावांचून नांवेंच कळणार नसतील तर? ‘सेट-ॲट्र’ ह्या साधनानें मॉड्यूलवर नवीं नांवें चढवितां येतात. मात्र अशा आयत्या नांवानें मॉड्यूलमधील एखादें जुनें नांव पुसलें जाण्याचें भय असतें, आणि वाचणाऱ्यास नांवाचा उगमही सांपडत नाहीं. त्यापेक्षां कॉन्फिगमध्यें एक ‘डिक्शनरी’, म्हणजे नांव व मूल्य ह्यांच्या जोड्यांची यादी, ठेवावी व नवीं नांवें तींत भरावींत. मूळ यादी टाकून दुसरी न मांडल्यास प्रत्येक नवी नोंद सर्वांस दिसते.

आणखी एक सावधगिरी हवी. ज्या फायलीपासून प्रोग्रॅम सुरू होतो तिला पायथॉन ‘मेन’ म्हणून ओळखतो. दुसऱ्या मॉड्यूलनें तीच फाइल तिच्या स्वतःच्या नांवानें मागितली, तर तिची दुसरी प्रत तयार होते आणि एका फळ्याचे दोन फळे होतात. म्हणून सामाईक मजकूर आरंभाच्या फायलींत न ठेवतां निराळ्या मॉड्यूलमध्येंच ठेवावा.

सारांश, बदलणारें मूल्य ज्याच्या त्याच्या वहींत उतरवूं नये. त्याचें ठिकाण एक असावें, आणि प्रत्येकानें कामाच्या वेळीं तेथें जाऊन तें पाहावें.